क्षयरोगविषयक संशोधन-लेखनाचे जागतिक मापन : वैद्यांनी ते कसे वाचावे?

प्रस्तावना

राजयक्ष्म्यास आपल्या आचार्यांनी रोगांचा राजा मानले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे १ कोटी ८ लाख व्यक्तींना क्षयरोग झाला आणि सुमारे साडेबारा लाख मृत्युमुखी पडल्या. रुग्णांपैकी सुमारे २६ टक्के भारतातील होते. या रोगावर दरवर्षी हजारो शोधनिबंध प्रसिद्ध होतात. ते कोणी, कोठून व कोणत्या अंगावर लिहिले, याची गणना करणारे अभ्यासही आता नियमितपणे होतात. त्यांतील कोष्टके धोरण व निधी ठरविणाऱ्यांपुढे जातात. म्हणून ती कशी वाचावीत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मापनाची पद्धत

या शाखेस ग्रंथमिती म्हणतात. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९४८ मध्ये अशा गणनेची कल्पना मांडली होती. ‘बिब्लिओमेट्रिक्स’ हे नाव ॲलन प्रिचर्ड यांनी १९६९ मध्ये रूढ केले. पद्धत सोपी आहे. पबमेड, वेब ऑफ सायन्स किंवा स्कोपस यांसारख्या सूचीमध्ये ‘ट्यूबरक्युलोसिस’ हा शब्द घालून निबंध वेचावयाचे आणि वर्ष, देश, संस्था, विषय व उद्धरणे यांनुसार त्यांचे वर्गीकरण करावयाचे.

येथे पहिली मर्यादा लक्षात येते. सूचीत नसलेले नियतकालिक मोजले जात नाही आणि शोधशब्द नसलेला निबंध सापडत नाही.

जागतिक चित्र

रिफॅम्पिसिनयुक्त उपचार रूढ झाल्यावर प्रगत देशांतील संशोधकांचे या रोगाकडील लक्ष कमी झाले. एच.आय.व्ही.चा प्रसार व औषधांना न जुमानणारे जंतू यांमुळे ते पुन्हा वळले; १९९३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षयरोग ही जागतिक आणीबाणी असल्याचे घोषित केले. त्यानंतर लेखनसंख्या सतत वाढत गेली. देशांत अमेरिका आघाडीवर असून भारत, चीन, ब्रिटन व दक्षिण आफ्रिका वरच्या क्रमांकांवर आढळतात. रुग्णसंख्येच्या प्रमाणात पाहिले, तर मात्र भारताचे लेखन तोकडे ठरते.

संख्या आणि मूल्य यांतही भेद करावा लागतो. मद्रास येथील अभ्यासात १९३ रुग्णांची घरी व आरोग्यधामात उपचार अशी तुलना झाली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेला तो निबंध कोष्टकात एकच गणला जातो. परंतु घरी राहूनही क्षयरोगी बरा होतो, हे त्याने जगास पटवून दिले.

आपल्या परिसराची उदाहरणे

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या १९५४ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कारखान्यात पुढे स्ट्रेप्टोमायसिनचे उत्पादन झाले. क्षयरोग्यांसाठी झालेले हे कार्य शोधनिबंधांच्या कोणत्याही गणनेत येत नाही. याच संस्थेचे ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बुलेटिन’ मात्र आंतरराष्ट्रीय सूचीत असल्यामुळे त्यातील निबंध आजही शोधता येतात. कार्य आणि कार्याची नोंद या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट व्हावे.

दुसरे उदाहरण पुण्यातील बै. जी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांच्या सहकार्याचे आहे. एच.आय.व्ही.बाधित मातांना प्रसूतीनंतर होणाऱ्या क्षयरोगावरील त्यांचा निबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्ण पुण्याचे, लेखक दोन्ही देशांचे. असा निबंध एका पद्धतीत दोन्ही देशांच्या खाती पूर्ण धरला जातो, तर दुसरीत त्याची विभागणी होते. क्रमवारी वाचताना कोणती पद्धत वापरली, हे प्रथम पाहावे.

आयुर्वेदीय लेखनाचे स्थान

रसायन कल्प तसेच अश्वगंधा व च्यवनप्राश यांचा क्षयरोगाच्या आधुनिक औषधांबरोबर पूरक उपयोग तपासणारे निबंध २०१२ मध्ये अनुक्रमे ‘आयु’ आणि ‘जर्नल ऑफ आयुर्वेद अँड इंटिग्रेटिव्ह मेडिसिन’ यांत आले. दोहोंच्या शीर्षकांत ‘ट्यूबरक्युलोसिस’ हा शब्द असल्यामुळे ते सहज सापडतात. केवळ ‘राजयक्ष्मा’ या शीर्षकाचा निबंध सापडेलच असे नाही. रोमन लिपीत तो शब्द अनेक प्रकारे लिहिला जातो. मराठी त्रैमासिकांतील अनुभव तर या गणनेच्या बाहेरच राहतात.

तथापि, केवळ शब्द बदलून भागणार नाही. राजयक्ष्मा व क्षयरोग यांचे क्षेत्र सर्वस्वी एक नाही. चरकोक्त साहस, वेगसंधारण, क्षय व विषमाशन हे चार हेतू पाळीपाळीने काम करणाऱ्या आपल्या कामगार रुग्णांत ठळकपणे दिसतात. ओतकामातील सिलिकायुक्त धुळीने क्षयरोगाचा धोकाही वाढतो. पण थुंकीची तपासणी नसेल, तर त्या रुग्णास क्षयरोगी म्हणून संशोधनात स्थान मिळत नाही, आणि मिळूही नये.

व्यवहारातील उपयोग

१. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास थुंकीची तपासणी करून घ्यावी व अहवालाची प्रत रुग्णपत्रिकेस जोडावी.

२. निदान निश्चित झाल्यास शासकीय ‘निक्षय’ प्रणालीत नोंद होईल, हे पाहावे. क्षयरोग २०१२ पासून नोंदणीयोग्य रोग आहे.

३. क्षयरोगाची आधुनिक औषधे थांबवू नयेत. आपले कल्प पूरक म्हणून, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवून द्यावेत. मात्रा, काल, अनुपान, वजन व यकृताच्या तपासण्या दिनांकासह लिहाव्यात.

४. औषध विक्रेत्यांनी अनुसूची ‘एच-१’ ची नोंदवही काळजीपूर्वक ठेवावी. लिहून देणारा, रुग्ण, औषध व परिमाण या नोंदी तीन वर्षे जपणे आवश्यक आहे. २०१८ च्या अधिसूचनेने रुग्ण कळविण्याचे दायित्व औषध विक्रेत्यांवरही आले आहे.

५. रुग्णवृत्त प्रसिद्धीस देताना रुग्णाची संमती घ्यावी, त्याची ओळख गुप्त ठेवावी, इंग्रजी सारांश जोडावा आणि शोधशब्दांत राजयक्ष्मा, ट्यूबरक्युलोसिस व आयुर्वेद हे तिन्ही द्यावेत. अयशस्वी ठरलेले उपचारही लिहावेत.

निष्कर्ष

ग्रंथमितीच्या कोष्टकांत आयुर्वेदाचा रकाना लहान दिसतो, एवढ्यावरून आयुर्वेद निष्प्रभ ठरत नाही. आणि आपल्याकडे अनुभव विपुल आहे, एवढ्यावरून तो सिद्धही होत नाही. या दोहोंमधील अंतर नीट ठेवलेल्या रुग्णपत्रिकेनेच भरून निघेल. चिंचवड, भोसरी व चाकण येथील कामगार खोकला घेऊन अनेकदा प्रथम वैद्याकडे किंवा औषधाच्या दुकानात येतो. त्याची वेळेवर तपासणी व अचूक नोंद झाली, तर त्याचा जीव वाचण्यास साहाय्य होईल आणि शास्त्रासही आधार मिळेल. वैद्यबंधू-भगिनींनी व औषध विक्रेत्यांनी याचा अवश्य विचार करावा.