मुदतवाढ मागण्याआधी: नव्या प्लॅनिंग इंजिनिअरसाठी कानमंत्र

पोरी, प्लॅनिंगचं काम हाती घेतेयस, तर एक गोष्ट मनाशी पक्की कर. क्लेम कामाच्या शेवटी लिहिला जात नाही. पहिल्या दिवसापासूनच्या नोंदींतून तो उभा राहतो, आणि नोंदी नसतील तर कुठलंही सॉफ्टवेअर त्याला तारत नाही.

बेसलाइन आधी मंजूर करून घे. मूळ वेळापत्रकच मान्य नसेल, तर उशीर मोजायचा कशापासून? त्यात कामांचे एकमेकांशी असलेले दुवे खरे असू देत, तारखा ठोकून बसवू नकोस. जून ते सप्टेंबरचा पाऊसही आधीच धर. कोकणात नेहमीइतका पाऊस पडला म्हणून मुदतवाढ मागशील, तर कोणी ऐकणार नाही.

नोटीस आधी, हिशेब नंतर. फिडिकच्या 1999 च्या रेड बुकात घटना कळल्यापासून 28 दिवसांत नोटीस द्यावी लागते. सीपीडब्ल्यूडीच्या कामावर हिंडरन्स रजिस्टर असतं. अडथळा कधी आला आणि कधी सुटला, दोन्ही तारखा लिही आणि सह्या तेव्हाच्या तेव्हा घे. 1872 च्या करार कायद्याचं कलम 55 नीट वाच. समोरच्याची उशिरा झालेली पूर्तता मुकाट स्वीकारलीस, तर पुढे भरपाई मागणं अवघड होतं.

रोजच्या रिपोर्टात नुसतं 'काम बंद' लिहू नकोस. 'खांब पी-7, पाइल 3, जलवाहिनी न हलवल्याने रिग सकाळी 8 पासून उभी, 14 माणसं रिकामी' असं लिही. फोटो काढ, तारखेसकट ठेव.

प्रत्येक अडथळ्याने प्रकल्प लांबत नाही. समज, ती जलवाहिनी हलवायला मालकाने 45 दिवस जास्त घेतले, पण त्या खांबाच्या कामाला 20 दिवसांचा फ्लोट शिल्लक होता. मग शेवटची तारीख सरकली 25 दिवसांनी. 45 मागशील, तर हक्काच्या 25 वरही कोणी विश्वास ठेवणार नाही. त्याच दिवसांत आपली रिग बिघडलेली होती का, तेही तपास. दोघांचा उशीर एकाच वेळचा असेल, तर बहुधा मुदत मिळते, पैसे मिळत नाहीत.

विश्लेषणाची पद्धत हातातल्या कागदांवरून ठरव. काम चालू असेल, तर टाइम इम्पॅक्ट ॲनालिसिस कर. घटनेच्या आधीच्या अपडेटमध्ये ती घटना घाल आणि शेवटची तारीख किती पुढे जाते ते पाहा. काम संपलंय आणि दर महिन्याचे अपडेट आहेत, तर विंडोज पद्धत घे. एकेक कालखंड पाडून त्या त्या वेळी क्रिटिकल पाथ कुठून जात होता ते दाखव. अपडेट नसतील पण प्रत्यक्षातल्या तारखा पक्क्या असतील, तर ठरलेलं आणि घडलेलं शेजारी मांड. नुसत्या बेसलाइनमध्ये मालकाचे उशीर घुसवून आकडा काढणं सोपं असतं, पण प्रत्यक्षात काय घडलं ते त्यात येतच नाही, म्हणून उलटतपासणीत तो टिकत नाही. सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉच्या प्रोटोकॉलची 2017 ची आवृत्ती अशा सहा पद्धती समजावते. ती वाचून काढ.

आणि शेवटचं. आपल्या बाजूचे उशीर आपणच वेगळे काढून दाखव, समोरच्या वकिलाने ते शोधण्याची वाट पाहू नकोस. मालकाच्या खुर्चीत बसून तुला जो आकडा मान्य झाला असता, तोच माग आणि मग त्यातला एक दिवसही सोडू नकोस.