मोटर आणि पंप यांचा जोड

विहिरीवर पंप आहे. शेजारी विजेची मोटर आहे. मोटरच्या दांड्याला शाफ्ट म्हणतात. पंपालाही शाफ्ट असतो. हे दोन शाफ्ट टोकाला टोक आणून ज्याने जोडतात, ते कपलिंग. मोनोब्लॉक पंपात मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर असतात. तिथे हा प्रश्नच नाही.

दुकानदार विचारतो, "कोणतं कपलिंग देऊ?" काय सांगाल?

एक कपलिंग निव्वळ बिडाचे असते. दोन थाळ्या आणि मध्ये बोल्ट. ते जरासुद्धा लवत नाही. पंपासाठी ते घेऊ नका. दुसऱ्यात पिनांवर रबरी बुश असतात. धक्का बसला तर रबर तो सोसते. तिसऱ्यात रबराची चांदणी असते. लहान मोटरीला ते चांगले. चांदणी झिजली तर तेवढीच बदलता येते.

आता माप. नुसती हॉर्सपॉवर सांगून भागत नाही. समजा, ५ हॉर्सपॉवरची मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते. तेवढ्याच ताकदीची दुसरी ७२० फेरे घेते. फेरे निम्मे झाले, म्हणजे एका फेऱ्यात काम दुप्पट. शाफ्टला पीळही दुप्पट बसतो. म्हणून तिला मोठे कपलिंग लागते. खडी फोडण्याचे यंत्र धक्के देत चालते. त्याला आणखी मोठे लागते.

मोटरवर पत्र्याची पाटी असते. आता तुम्हाला वाचता येते! हॉर्सपॉवर आणि फेरे कागदावर उतरवून घ्या. दोन्ही शाफ्टची जाडी मोजा. चावीच्या खाचेची रुंदीही लिहा. तो कागद घेऊन दुकानात जा.

कोणी म्हणेल, "रबर आहे, थोडं वाकडं चालतंय." ऐकू नका. जुवाखाली एक बैल पुढे, एक मागे चालला, तर खांदे सोलतात. इथे बेअरिंग जाते, कधी शाफ्टही तुटतो.

बसवताना आधी मेन स्विच बंद करा. फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा, हो! कपलिंगच्या दोन्ही थाळ्यांवर लोखंडी पट्टी आडवी धरा. वर, खाली आणि दोन्ही बाजूंना ती सारखी टेकली पाहिजे. थाळ्यांमध्ये थोडी फट ठेवा. ती सगळीकडे सारखीच हवी. कमीजास्त वाटले, तर मोटरच्या पायाखाली पातळ पत्रा सरकवा.

वर पत्र्याचे झाकण बसवल्याशिवाय मोटर सुरू करू नका. फिरत्या कपलिंगात पदर किंवा धोतराचा सोगा सापडला, तर माणूस ओढला जातो.

महिन्याने मोटर बंद करून खाली बघा. रबराचा काळा भुगा पडलेला दिसला, तर पट्टी पुन्हा लावून पाहा आणि पायाचे बोल्ट आवळा.