गोधडीचे रंग : आधी मांडा, मग कापा



मागच्या दिवाळीच्या आधी आपल्या तीन गटांनी मिळून 12 गोधड्या शिवल्या होत्या, आठवतंय ना? प्रदर्शनात चार दिवस स्टॉल लावला. 3 विकल्या गेल्या आणि 9 परत आल्या. परतीच्या टेम्पोत कोणी मला काही बोललं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. कारण चूक माझी होती. "शहरात रंगीबेरंगी खपतं, जितके जास्त रंग तितकं चांगलं," असं बैठकीत मीच सांगितलं होतं. मग काय, लाल, पिवळा, हिरवा, राणी, जांभळा, जो रंग मिळाला तो प्रत्येक गोधडीत बसवला.

स्टॉलवर बायका थांबायच्या, टाक्यांवरून हात फिरवायच्या, "काम किती सुंदर आहे हो" म्हणायच्या आणि पुढे जायच्या. एक बाई स्पष्ट बोलल्या, "पलंगावर टाकली तर खोलीत दुसरं काही दिसणारच नाही." आणि विकल्या गेलेल्या तिनांपैकी एक पहिल्याच धुण्यात बिघडली. लाल कापडाचा रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरला. पैसे परत करावे लागले.

समाजकार्याचं शिक्षण घेताना मी गटाचं दप्तर, कर्ज, हिशोब हे सगळं शिकले. रंग शिकले नव्हते. ते नंतरच्या सहा महिन्यांत आपल्याच गटांतल्या मावश्यांकडून आणि शिवणकाम करणाऱ्या ताईंकडून शिकले. तेच इथे क्रमाने लिहिते. सगळ्याचं सार एवढंच आहे की गोधडीत रंग कितीही असू देत, पण कोणता रंग किती आणि कुठे, हे कात्री लावायच्या आधी ठरलेलं पाहिजे.

1. साडी उलगडून बघा

रंगसंगती शिकायला वेगळं पुस्तक नको. पेटीतली तुमची आवडती काठपदराची साडी काढा. साडीचं अंग एका रंगाचं असतं आणि तेच सर्वांत जास्त दिसतं. काठ दुसऱ्या रंगाचा, अंगापेक्षा बराच कमी. आणि बुट्टी किंवा काठातली जर अगदी थोडी, पण नजर तिथेच जाते. आता विचार करा, काठाचा रंग आणि अंगाचा रंग निम्मा-निम्मा असता, आणि बुट्टीही तेवढीच मोठी असती, तर ती साडी आपण घेतली असती का?

गोधडीलाही हाच ठोकताळा लावा. दहा भाग धरा. सहा भाग अंगाचा रंग, तीन भाग काठाचा, एक भाग बुट्टीचा. आमच्या त्या 12 गोधड्यांत सगळीच बुट्टी होती, अंग कुठेच नव्हतं.

रंगांची नावंही आपल्याकडे भरपूर आहेत. या तीन जोड्या आम्ही मांडून बघितल्या आणि चांगल्या दिसल्या:
- अंग मोतिया, काठ मोरपंखी, बुट्टी झेंडूची केशरी.
- अंग पारवा, काठ आमसुली, बुट्टी हळदीची पिवळी.
- अंग गडद निळं, काठ अबोली, बुट्टी पोपटी.

याच जोड्या घ्यायला हव्यात असं नाही. दारातली बाग, पिकलेलं शेत, रांगोळी, कुठूनही रंग उचला. फक्त अंग, काठ आणि बुट्टी कोण, ते आधी ठरवा.

2. डोळे किलकिले करा

रंग वेगळा असला म्हणजे तो उठून दिसतोच असं नाही. लाल आणि हिरवा हे किती वेगळे रंग! पण दोन्ही सारखेच गडद असतील तर लांबून ते एकमेकांत मिसळतात आणि नक्षी दिसेनाशी होते. म्हणून रंगाइतकंच फिकं आणि गडद बघावं लागतं.

एका गटातल्या मावशींनी मला हे फार सोप्या रीतीने दाखवलं. त्यांनी सगळे तुकडे अंगणात चटईवर पसरले, दहा पावलं मागे गेल्या आणि डोळे किलकिले करून बघितलं. ज्या तुकड्यांमधली हद्द दिसेना, त्यातला एक तुकडा उचलून बाजूला ठेवला. मला म्हणाल्या, "शाळेत शिकले नाही मी, पण वाकळ अंधारात पण दिसली पाहिजे, एवढं कळतं."

मोबाइल असेल तर अजून एक युक्ती आहे. मांडलेल्या तुकड्यांचा फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करून बघा. रंग निघून जातात आणि फक्त फिकं-गडद उरतं. सगळा फोटो एकसारखा करडा दिसला, तर थोडे फिके किंवा थोडे गडद तुकडे घालायला हवेत.

छापील कापडाचंही तसंच आहे. बारीक फुलं, मोठी फुलं, चौकडा, रेघा हे सगळं शेजारी-शेजारी आलं तर भांडण होतं. दोन छापील तुकड्यांच्या मध्ये एक साधा तुकडा येऊ द्या. डोळ्याला टेकायला जागा मिळते.

3. आजकालची गोधडी म्हणजे काय?

दुकानात "मॉडर्न" म्हणून ज्या रजया आणि क्विल्ट मिळतात, त्या नीट बघितल्या तर तीन गोष्टी दिसतात. तुकडे मोठे असतात. साध्या कापडाची मोकळी जागा बरीच असते. आणि नक्षी मधोमधच हवी असा आग्रह नसतो, ती एका कोपऱ्यात किंवा एका बाजूलाही चालते. टाके मात्र हातचे असले तर त्याला जास्त मान मिळतो, आणि हातचा धावदोरा तर आपल्या बोटांत आहेच. साध्या अंगावर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने टाके घातले तर टाक्यांच्या ओळी हीच नक्षी होते.

जुन्या कपड्यांतून हे होतं का, असं काही जणी विचारतात. होतं. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या बायका मूळच्या गुलाम म्हणून राबवल्या गेलेल्या कुटुंबांतल्या. थंडीसाठी त्या शेतात घालून विरलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या. विटलेल्या निळ्या कापडाचे लांब पट्टे आणि मध्येच एखादा लाल तुकडा, इतकी साधी मांडणी. 1966 मध्ये त्या भागातल्या बायकांनी गोधड्या विकण्यासाठी सहकारी संस्था काढली, आपल्या गटासारखीच. 2002 मध्ये गीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या कला संग्रहालयांत भिंतीवर लागल्या आणि 2006 मध्ये त्यांवर अमेरिकेची टपाल तिकिटंही निघाली. त्यांच्याकडे महाग कापड नव्हतं. असलेलं कापड कुठे ठेवायचं ही नजर होती.

4. कापड निवडताना

- वरच्या थरासाठी सगळं सुतीच घ्या. सुती धुतल्यावर आटतं, पॉलिस्टर आटत नाही. दोन्ही शेजारी जोडले तर पहिल्या धुण्यात शिवणीला चुण्या पडतात.
- नवं कापड कापायच्या आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करा. जे आटायचं ते आधीच आटू द्या.
- रंग जातो का ते तपासा. गडद कापडाचा तुकडा कोमट साबणाच्या पाण्यात पांढऱ्या चिंधीसोबत अर्धा तास भिजवा. चिंधीला रंग लागला तर ते कापड फिक्या रंगाशेजारी वापरू नका. लाल, काळा, गडद निळा यांची तपासणी चुकवू नका. आम्ही चुकवली होती.
- जुनी साडी घेताना ती उजेडासमोर धरा. विरलेला भाग वरच्या थराला नको. तो आतल्या थरात घाला, तिथे मऊपणा देतो.
- मध्येच कापड संपलं आणि दुकानात तोच रंग मिळाला नाही, असं होतं. अंगाचं कापड नेहमी थोडं जास्त घ्या.

5. किती कापड लागेल?

एका माणसाच्या गोधडीचा हिशोब करू. प्रत्येक चौकोन 10 इंच कापा. चारही बाजूंनी पाव इंच शिवणीत जाईल, म्हणून शिवल्यावर तो साडेनऊ इंच उरेल. आडवे 6 आणि उभे 9 असे 54 चौकोन. तयार गोधडी 57 इंच रुंद आणि साडेपंच्याऐंशी इंच लांब होते.

54 चौकोनांत अंगाचे 32, काठाचे 16 आणि बुट्टीचे 6 धरा. 44 इंच पन्ह्याच्या कापडात एका ओळीत 4 चौकोन बसतात. म्हणजे अंगासाठी 8 ओळी, कापड सव्वादोन मीटर. काठासाठी 4 ओळी, सव्वा मीटर. बुट्टीसाठी 2 ओळी, पाऊण मीटर. यात आटण्यापुरतं थोडं जास्त धरलं आहे. अस्तर आणि आतले थर वेगळे.

आता चौकडीच्या वहीवर 6 बाय 9 घरं आखा आणि मुलांच्या रंगपेटीने रंगवा. बुट्टीचे सहाही चौकोन समान अंतरावर ठेवू नका. तीन एकीकडे जवळ, दोन थोडे लांब आणि एक एकटाच, असं करून बघा. कागदावर चुकलं तर खोडरबर आहे. कापलेलं कापड पुन्हा जोडून अखंड होत नाही.

6. आपल्या हातांची किंमत

मागच्या वेळी आम्ही कापड आणि दोऱ्याचा खर्च काढला, त्यावर थोडे पैसे लावले आणि तीच किंमत ठेवली. तास कोणी मोजलेच नव्हते. आता प्रत्येक गोधडीसोबत एक कागद ठेवतो आणि जी बसेल तिने किती वेळ शिवलं ते लिहायचं.

उदाहरणापुरतं समजा, कापड-दोरा 700 रुपये, काम 40 तास, तासाला 40 रुपये. मजुरीच 1600 झाली. वाहतूक आणि स्टॉलचा वाटा 200. गोधडी 2500 च्या खाली देणं म्हणजे आपल्याच मजुरीतून गिऱ्हाईकाला सूट देणं. "घरी बसून तर करता" असं कोणी म्हटलं तर तो कागद दाखवा. आणि मोठे चौकोन, कमी जोड घेतले की तासही कमी होतात, हा या नव्या पद्धतीचा दुसरा फायदा.

पुढे काय झालं?

दुसऱ्या खेपेला आम्ही 6 गोधड्याच शिवल्या, सगळ्या आधी कागदावर आणि मग अंगणात मांडून. 4 विकल्या, ठरवलेल्या किमतीला. फार मोठा आकडा नाही, पण एकही धुऊन परत आली नाही. पहिल्या खेपेतल्या राहिलेल्या 9 गटातल्या बायकांनीच वाटून घेतल्या. त्यातली एक मी पूर्ण किमतीला विकत घेतली. रंगांचा गोंधळ आहे तिच्यात, पण ऊब भरपूर आहे.

पुढच्या मासिक बैठकीसाठी काम

प्रत्येकीने घरातले 10 सुती तुकडे धुऊन आणा, फिके, मधले आणि गडद असे तिन्ही. बचतीचा हिशोब झाला की सतरंजीवर मांडू, लांब जाऊन डोळे किलकिले करू आणि अंग, काठ, बुट्टी ठरवू. सुरुवात लहान बाळाच्या दुपट्यापासून करू, म्हणजे चुकलं तरी नुकसान थोडं. त्या दिवशी कात्री मात्र कोणी आणू नका.

तुमची,
क्षेत्र समन्वयक