कर्नल पडतो तिथे चोर नसतो

हे बघ, मेमरी बिघडून कर्नल पडला, की लॉगमधल्या ऊप्समध्ये, म्हणजे त्या पडण्याच्या नोंदीत, ज्या फंक्शनचं नाव येतं ते बहुतेक वेळा निर्दोष असतं. मेमरी बिघडवणारा कधीच काम उरकून गेलेला असतो. पडतो तो नंतर ती वाचायला आलेला. म्हणून तिथे नल पॉइंटरची तपासणी घालून मोकळी होऊ नकोस. पुढच्या वेळी तेच दुखणं फाइलसिस्टिममध्ये निघालं, तर लोकांचा डेटा जाईल.

लॉगमधला पहिला ऊप्स तेवढा खरा मान, पुढचे बहुधा त्याच्यातूनच उपजलेले असतात. मग रजिस्टरं वाच. स्लब डीबग चालू असताना सिक्स-बी, सिक्स-बी अशी रांग दिसली, तर कुणीतरी फ्री झालेलं ऑब्जेक्ट वापरतंय. ‘डेड’ने सुरू होऊन 100 किंवा 122 वर संपणारा पत्ता म्हणजे लिस्टमधून आधीच काढलेला नोड. हवी ती किंमत आणि सापडलेली किंमत यांत एकाच बिटाचा फरक असेल, तर कोडला दोष देण्याआधी मशीनवर रात्रभर मेमटेस्ट लाव.

लिनक्समध्ये 4.0 पासून, म्हणजे 2015 पासून, मेमरीतल्या चुका पकडणारा केसॅन आहे. तो घालून कर्नल पुन्हा बिल्ड कर. दर 8 बाइटांवर 1 बाइट पहाऱ्याला बसतो, वेगही घटतो. पण चोर हात घालतो त्याच क्षणी पकडला जातो. यूज-आफ्टर-फ्री असेल तर रिपोर्टमध्ये तीन स्टॅक मिळतात: हात कुणी लावला, मेमरी कुणी घेतली, कुणी सोडली. सगळे पहिल्यावरच अडकतात. तू तिसरा आधी वाच. रेफरन्स मोजण्यातली गफलत बहुधा तिथे सापडते.

ग्राहकाच्या मशीनवर इतका भार चालणार नाही. तिथे 5.12 पासून आलेला केफेन्स ठेव. तो मोजकीच ऑब्जेक्टं पाहतो, म्हणून पुष्कळ मशीनवर, पुष्कळ दिवस चालू दे.

आणि केसॅन गप्प असूनही मेमरी बिघडतच असेल, तर हार्डवेअरकडे वळ. केसॅनला कंपायलरने तपासणी घातलेला कोडच दिसतो. नेटवर्क कार्ड डीएमएने परस्पर लिहितं ते दिसत नाही. आयओएमएमयू चालू करून स्ट्रिक्ट मोडमध्ये बूट कर. अनमॅप केलेल्या बफरवर कार्डाने लिहिलं, की फॉल्टमध्ये त्या डिव्हाइसचा पत्ताच छापून येतो. पण त्याच्याही आधी बिघडलेल्या जागेचा हेक्सडंप काढून बाइट डोळ्यांखालून घाल. त्यात आपल्याच कार्डाचा मॅक ॲड्रेस दिसला, तर नेटवर्क ड्रायव्हरच्या रिसीव्ह रिंगपासून सुरुवात कर.