मंदी आणि म्हातारपणाची शिल्लक



मंदी म्हटली की आपण बाजारभावाचं बोलतो. पण घरातल्या थकल्या माणसांच्या पैशाला ती कशी कुरतडते, हे आज हिशेबानं पाहू. ती तीन वाटांनी घरात शिरते.

पहिली वाट व्याजाची. धंदा थंडावला की कर्ज स्वस्त करण्यासाठी व्याजदर उतरवतात, त्याबरोबर ठेवींचे दरही उतरतात. १ एप्रिल २०२० रोजी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर ८.६ वरून ७.४ टक्क्यांवर आला. आधी पाच लाख ठेवलेल्याला तिमाहीला १०,७५० रुपये मिळत राहिले. नंतर ठेवणाऱ्याला ९,२५०. म्हणजे वर्षाला सहा हजारांचा खड्डा. औषधपाण्याचा खर्च काही उतरला नाही.

दुसरी वाट मुलांची. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, मुंबईची कामं बंद पडली. मढसारख्या माळशेजच्या वाटेवरच्या गावांत पोरं परत आली. जिथून मनिऑर्डर यायची, तिथंच आता पैसा घालायची वेळ आली. अशा वेळी म्हातारा-म्हातारी ठेव मोडतात. पण तरुण माणूस पुन्हा कमावतो. सत्तरीत मोडलेली ठेव पुन्हा उभी राहत नाही.

तिसरी वाट पैसा अडकण्याची. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदाराला सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराच्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला, व्याज धरून, विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. जादा व्याजाच्या मोहापायी हे विसरू नका.

मग करायचं काय?

१. ऊसबिल हाती येतं. त्यातून आधी वर्षभराचा दवाखाना आणि किराणा बाजूला काढा.

२. सगळी ठेव एकाच मुदतीची करू नका. एक संपेल तेव्हा दर पडलेला असला, तरी बाकीच्या जुन्या दरानं चालू राहतात.

३. बँकेतली मुदत ठेव मोडण्याआधी तिच्यावर कर्ज मिळतं का, ते विचारा. अडचण सरली की कर्ज फिटतं आणि ठेव शाबूत राहते.

४. प्रत्येक ठेवीला वारसाचं नाव लावा. पावत्या कुठं आहेत, ते घरधनिणीलाही ठाऊक हवं.

पोराला नाही म्हणणं जिवावर येतं, हे खरं. पण आपली शिल्लक राखली, तर उद्या त्याच पोरावर आपला भार पडत नाही. बेण्याचा ऊस कुणी गाळपाला पाठवत नाही. म्हातारपणाची ठेवही तशीच जपावी.