पहिलं माप लाभाचं

मी कथालेखनाच्या कार्यशाळा घेते. २०२५च्या पावसाळ्यात तंजावर जिल्ह्यातल्या पापनाशमला दोन दिवसांची घेतली. दहा जण होते, निम्मे तंजावरी मराठी घरांतले, निम्मे त्यांचे तमिळ मित्र. तामिळनाडूचं धोरण १९६८पासून दोनच भाषांचं, आणि तिसऱ्या भाषेवरून दिल्लीशी वाद तापलेला. आपल्याकडे महाराष्ट्रातही पहिलीपासून हिंदीचा निर्णय २९ जूनला सरकारला मागे घ्यावा लागला होता. जो तो आपलं मत पक्कं करूनच आला होता. अशा वर्गासाठी माझे हे तीन नियम.

१. मत मागू नका, वस्तू मागा.

पहिल्या सकाळी मी ‘भाषा’ हाच विषय दिला. चुकलंच माझं. सगळ्यांनी भाषणं लिहिली, दोघांची जुंपली आणि एक मुलगी संध्याकाळपर्यंत गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पालैवननाथर मंदिरातलं नायक राजांच्या काळचं भाताचं कोठार बघायला नेलं. परतल्यावर म्हटलं, घरात धान्य कोण मोजतं ते लिहा.

त्या गप्प मुलीनं आजीवर लिहिलं. भाषा घरची मराठी, लिपी तमिळ. आजी मरक्काल या मापानं भात मोजते, काठावरचे दाणे तळहातानं सारते आणि पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणते. मग दोन, तीन. आदल्या दिवशी तावातावानं भांडलेला एक शेतकऱ्याचा मुलगा हे ऐकून सरसावून बसला. “आमच्या खळ्यावरही पहिलं माप ‘लाबम’च!” मग बराच वेळ ती दोघं मापांची नावं एकमेकांना विचारत होती. वाद मिटला नाही, पण दोघांनाही लिहायला काहीतरी मिळालं.

२. लिपी आणि भाषा ज्याची त्याला निवडू द्या.

तंजावरच्या शहाजीराजांनी (कारकीर्द १६८४ ते १७१२) ‘पंचभाषाविलास’ या एकाच नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा आणल्या. त्या मुलखात जाऊन प्रमाण मराठीचा हट्ट मी कोणत्या तोंडानं धरणार?

३. कागद लिहिणाऱ्याचाच.

हे मी फार उशिरा शिकले. काही वर्षांपूर्वी एका मुलानं जातीबद्दल लिहिलेल्या पानाचा फोटो माझ्या वर्गातून व्हॉट्सॲपवर गेला. तो मुलगा पुन्हा आला नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तमिळ लेखक पेरुमाल मुरुगन यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून जातीचे अनुभव लिहून घेतले, २०१३मध्ये त्यांचं पुस्तक केलं. पुढे त्यांच्याच कादंबरीवरून एवढा गदारोळ झाला की जानेवारी २०१५मध्ये त्यांनी आपल्यातला लेखक मेल्याचं जाहीर केलं. मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला तो जुलै २०१६मध्ये. नावाजलेल्या लेखकाची ही गत, तर अठरा वर्षांच्या पोराला कोण वाचवणार? आता फोन दाराबाहेरच्या टोपलीत राहतात. वाचून दाखवायची सक्ती नाही.

आजीचा प्रसंग त्या मुलीला विचारूनच इथे लिहिला आहे. कागद तिच्याकडेच आहे.