कूस बदलतानाची कळ

प्रश्न : आठवा महिना संपत आलाय. कूस बदलताना, जिना चढताना जांघेत कळ येते. सासूबाई म्हणतात, सहन कर. बाळाला धोका आहे का?

उत्तर : या दुखण्याने बाळाला धोका नाही, पण तुम्ही निमूट सोसायचंही कारण नाही. कंबरेच्या हाडांचे सांधे या दिवसांत थोडे सैल होतात, त्यामुळे एका पायावर भार आला की कळ उठते. म्हणून सलवार बसूनच घाला, जिना एकेक पायरी चढा. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्या, वळताना गुडघे जुळलेले ठेवा. उकिडवं बसून लादी पुसण्याचा सल्ला शेजारणी देत असतील, तर तो तूर्त राहू द्या! फिजिओथेरपिस्टला दाखवून कंबरेचा पट्टा घ्या. घरातली डायक्लोफेनॅकची गोळी मात्र नको. रक्तस्राव, पाणी जाणं, ठरावीक अंतराने कळा किंवा बाळाची हालचाल मंदावणं, यांपैकी काहीही जाणवलं तर लगेच रुग्णालय गाठा.